साक्षीदाराचं नाव

नवोतास, ११ मार्च २०१९

ती. कुया आर्सेनियोस, धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

रविवारी, थोरल्या भावाला, माझ्या कुयाला भेटायचंय म्हटलं तरी, भेटीची वेळ संपली म्हणून मला तुरुंगाच्या फाटकातूनच परत पाठवलं. डब्यातले सुके मासे तरी पोचले का, की पहारेकऱ्यांनीच हादडले?

मी पॅरालीगलच्या वर्गाला नाव घातलंय. जबानी कशी लिहायची, खटल्याचे कागद कसे वाचायचे, वकिलासाठी अर्ज कसा तयार करायचा, सगळं शिकवतात. परीक्षा पास झाले की प्रमाणपत्र. शिकवणाऱ्या ओफेलियाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, मासळीचा वास कुणाचा? मासळीबाजारातून तशीच गेले होते, मी हात वर केला. म्हणाल्या, बरंय, कोर्टात गर्दी आपोआप बाजूला होईल.

रोडेलला हे पसंत नाही. बायकोने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतो. नवऱ्याचं काय मनावर घ्यायचं!

तुझे कागद धाड. पाच वर्षांत तुझा खटला एकदाही पुकारला नाही, आणि तांब्याची तार तू चोरलीस असं सांगितलं कुणी, हेही मला कळलेलं नाही. प्रकृतीला जप.

तुझी, मेर्लिंडा

तुरुंग, २ एप्रिल

चि. मेर्लिंडास अनेक आशीर्वाद.

मासे पोचले, नऊ जणांत संपले. वकीलबाई, आधी आमच्या झोपेचा न्याय करा. इथे पाळीपाळीने आडवं व्हायचं, आणि शेजारच्याचे पाय माझ्या तोंडाशी. खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे.

माझे कागद ओल लागून कुजले. त्यांच्या मागे लागू नकोस, दुसऱ्या कुणाच्या खटल्यावर शीक. आणि रोडेलशी भांडू नकोस. तुझ्या टिनायला बाप हवा.

आर्सेनियो

नवोतास, २३ सप्टेंबर

कुया,

मी पास झाले. प्रमाणपत्र घेऊन थेट कोर्टात गेले आणि तुझ्या कागदांची नक्कल काढली. तिथल्याच बाकावर बसून वाचली.

पान तीन. साक्षीदार रोडेल. वय, पत्ता, सही. पत्ता माझ्याच घराचा.

गोदामाच्या कुंपणावरून तार घेऊन उतरताना त्याने तुला पाहिलं म्हणे. त्या संध्याकाळी तू माझ्यासाठी दवाखान्यात रांगेत उभा होतास. मग कुंपणापाशी कोण होतं?

तुला हे ठाऊक होतं का, एवढंच लिही.

मेर्लिंडा

तुरुंग, १ ऑक्टोबर

चि. मेर्लिंडा,

पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुंपणापाशी तोच होता. पोलिसांनी त्यालाच धरलं होतं. मार पडल्यावर त्याने माझं नाव घेतलं. तुला सातवा महिना होता. वाटलं, दोन-चार महिन्यांत सुटेन, तुझं घर तरी राहील. मग सांगायची वेळच गेली.

आता ते पान फाडून टाक. माझं ऐक.

आर्सेनियो

नवोतास, २८ नोव्हेंबर

ती. कुयास,

ऐकलं नाही.

टिनायला शेजारी पाठवलं आणि रोडेलला समोर बसवलं. शिकवलंय तसं आधी नाव विचारलं, मग वय, मग काय पाहिलं. तो रडला. म्हणाला, रोज सांगणार होतो. मी लिहीत राहिले. दुसऱ्या दिवशी ओफेलियाबाईंसोबत त्याला वकिलाकडे नेलं आणि त्याने शपथेवर सही केली. परवापासून तो घरी नाही. त्याचे कपडेही नाहीत.

वकिलाच्या अर्जावरून काल तुझा खटला पुकारला गेला; तुला आणलंच नव्हतं. साक्ष फिरली, आणि या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा असते त्याहून अधिक काळ तू निकालाआधीच आत काढलास. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि सुटकेचा हुकूम सांगितला. चार मिनिटं लागली, कुया. पाच वर्षं, आणि चार मिनिटं.

शुक्रवारी मी फाटकाशी असेन. आधी दवाखान्यात जाऊ, मग घरी. टिनाय बाप कुठे म्हणून विचारते. मी अजून काही सांगितलेलं नाही.

पण एक आताच लिहून ठेवते, समोर आलास की जीभ उचलणार नाही. पाच वर्षं रोज त्या माणसाला मी गरम भात वाढला आणि तू वाढू दिलास. त्याला माफ करायचा प्रश्नच येत नाही. पण तुला मी माफ करू शकेन का, ते मला माहीत नाही.

लोभ आहे. तो राहील. बाकीचं वेळ घेईल.

तुझी धाकटी,
मेर्लिंडा