साक्षीदाराला काही न ठेवण्याचं कारण

मी, हेंदा गरगूरी, वय सेहेचाळीस, राहणार स्फाक्स, व्यवसाय धंद्यांना सल्ला देणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यकृत गेलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. नवरा-मूल नाही, म्हणून राहतं घर भाऊ मुनझिर याचं. आईच्या दफनाला तो उशिरा आला, हे मी विसरलेले नाही. पण त्यासाठी घराच्या खिडक्या उपटून नेत नाही.

२. कायद्याने बाहेरच्या माणसाला एक तृतीयांश देता येतं. त्यात माझं कार्यालय आणि टिपणवह्या सहकारी रीम हिला. अट एकच: गिऱ्हाइकाकडे तीन दिवस गप्प बसल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. "बाकीचे बोलतात, मदाम हेंदा बसून राहतात," म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. रीम विचारायची, "मदाम, हे सुचलं कसं?" मी हसून टाळायचे.

३. उत्तर असं. चौदा वर्षांपूर्वी हाज बशीर म्सद्दी यांनी आपल्या तेलाच्या घाण्यासाठी मला बोलावलं. मी दुसऱ्या घाण्यासाठी आधी लिहिलेला अहवाल काढला, नाव बदललं आणि दिला. त्यात सल्ला होता: सगळ्यांची ऑलिव्हं एकत्र गाळा, वजनाप्रमाणे तेल द्या. त्या घाण्यावर व्यापारी यायचे, तिथे ते चाललं. हाजकडे शेतकरी यायचे.

"पोरी, लोक इथे ताटकळतात ते आपल्याच झाडांच्या तेलात पाव बुडवायला."

"चव तीच असते, हाज."

"तुझ्या कागदावर असेल."

तरी त्यांनी माझं ऐकलं. पुढच्या हंगामात अंगणातले बाक रिकामे राहिले. त्याच्या पुढच्या हंगामात घाणा भंगारात गेला.

त्यानंतर मी बसायला शिकले, आणि त्यावरच माझं नाव झालं. हाज अजून भेटले की "नशीब" म्हणतात. अहवाल उसना होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. याला पश्चात्ताप म्हणवत नाही. ज्यावर पोट भरलं त्याला काय म्हणावं, मला ठरवता आलेलं नाही.

४. हाज बशीर यांना मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, आणि मला त्यांचीच साक्ष हवी आहे. सही करण्याआधी त्यांनी हे सगळं वाचावं.

स्फाक्स, ९ नोव्हेंबर २०२३
हेंदा गरगूरी

साक्षीदार
१. सलवा कम्मून, शेजारीण
२. वाचलं. त्या अहवालाच्या अकराव्या पानावर दुसऱ्या घाण्याचं नाव तसंच राहिलं होतं. मला वाटलं, शिकलेली पोर आहे, काही कारण असेल. — बशीर म्सद्दी