बांडगूळ म्हणाले ती मीच

जयपूर,
१२ मार्च १९६४

प्रिय मधू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचता टाकू नकोस, एवढंच मागते. गेल्या दोन वर्षांत कितीदा तुला लिहायला बसले आणि कागद फाडला. आज फाडणार नाही. तेवढा वेळच उरलेला नाही.

राजा पार्कमधल्या तुमच्या खोल्यांत आता एक पंजाबी कुटुंब राहतं. त्यांच्या बाई मला 'बहनजी' म्हणतात, वाटीभर काहीतरी आणून देतात. पण आपल्या दोघींच्या त्या गच्चीवर मला अजून उभं राहवत नाही. तिथेच मी तुला तो शब्द बोलले.

तुझ्या कादंबरीची पहिली प्रत तू माझ्याच हातात ठेवली होतीस. दोन तासांच्या मधे मी कॉलेजात वाचायला घेतली. नवरा गेलेली, परक्या गावात एकटी राहणारी एक प्राध्यापिका. जगायचं नाही असं ठरवून ती प्रयोगशाळेतली एक बाटली घरी आणते. मधू, मुकुंद गेल्यानंतरची माझी ती गोष्ट जगात फक्त तुला ठाऊक होती. शेजारी बसलेल्या तारामतीबाईंनी विचारलं, "विनयाताई, बरं वाटत नाही का?" मी तशीच उठून घरी आले. तू गच्चीवर पापड वाळत घालत होतीस. मी म्हणाले, "बांडगूळ आहेस तू. माझ्या दुःखावर पोसलीस." तू उरलेले पापड तसेच टाकून खाली गेलीस. महिन्याभरात तुझ्या श्रीपादरावांची नागपूरला बदली झाली. तुमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं आणि मी खिडकी लावून आत बसून राहिले.

पुढे राग ओसरल्यावर ते पुस्तक मी पुन्हा वाचलं. त्यातली मैत्रीण आपलं सगळं सोडून त्या बाईला वाचवते, बदल्यात काहीच घेत नाही. कथा-कादंबऱ्यांतल्या मैत्रिणी बहुतेक अशाच. एकीनं नुसतं द्यायचं, दुसरीनं नुसतं घ्यायचं. मी इतकी वर्षं वनस्पती शिकवतेय, पण असं नातं फार काळ टिकलेलं मला कुठे दिसलं नाही. झालानाच्या टेकडीवर तुला खडकावरचं दगडफूल दाखवलं, तेव्हा तू ओरडलीस, "अगं, हे तर आपल्या मसाल्यातलं!" ते एक नसतं, मधू. त्यात शेवाळ असतं आणि बुरशी असते. शेवाळ उन्हात दोघांचं अन्न करतं, बुरशी त्याला धरून ठेवते, सुकू देत नाही. त्या उघड्या दगडावर एकट्यानं दोघांपैकी कुणीच तगलं नसतं. त्यात कुणाचा त्याग नाही आणि कुणाचे उपकारही नाहीत.

ती बाटली मी घरी आणली त्या दुपारी खरं काय झालं, ते तू पुस्तकात लिहिलंच नाहीस. तू हातात कागद घेऊन आलीस आणि दारातूनच विचारलंस, "विनया, शेवरीला फुलं येतात तेव्हा झाडावर पानं असतात का गं? माझी गोष्ट अडलीय." मी सांगितलं, नसतात. तू म्हणालीस, "मग उद्या पुढचं वाचून दाखवते, चुका सांग." मग रोजच येत राहिलीस. बाटलीचं मी तुला चार महिन्यांनी सांगितलं. मला तू वाचवलंस ते काही देऊन नाही, माझ्याकडे मागून. आणि त्या कादंबरीपर्यंतची तुझी प्रत्येक गोष्ट माझ्या ओंजळीतून गेली, म्हणून मी या गावात रुजले. मग बांडगूळ कोण होतं? कुणीच नव्हतं गं.

काल श्रीपादरावांचं पत्र आलं. तू नवं हस्तलिखित जाळलंस, चार महिने कुणाशी बोलत नाहीस, आता जेवणही टाकलंयस. विचारलं तर एवढंच म्हणतेस, "मी माणसं खाऊन लिहिते." डॉक्टरांनी हात टेकलेत. मधू, हा माझाच तो 'बांडगूळ' शब्द आहे, तो मला परत दे. मी रजा घेतलीय. सोमवारी निघून, आग्र्याला गाडी बदलून बुधवारी सकाळी तुझ्या दारात येते. तुझी समजूत घालायला येत नाही, मला काम आहे. शाळेच्या मुलांसाठी मी मराठीत झाडांचं पुस्तक लिहायला घेतलंय. दीडशे पानं झालीत आणि त्यातलं एक वाक्य जिवंत नाही. माझ्याच्यानं ते होत नाही. मला तू हवी आहेस. मी येईपर्यंत रोज दोन घास तरी खा, हात जोडते.

तू घरात घेशील तर तुझीच,
विनया