एकादशीला डबा बदलला

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या तुळशीवरून मला तुमच्याशी, माझ्या बापाशी, भांडायचंच आहे. तुमच्या हयातीत जमलं नाही. आधी तुम्ही कचेरीत असायचात, मग आजारी पडलात, मग फोटोत गेलात. फोटोतल्या माणसाशी भांडणं एका अर्थी सोयीचं असतं. तो मध्येच "तुला काय कळतं" म्हणत नाही.

वसमतची ती दोन खोल्यांची जागा. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, तुमची बदली तालुक्याच्या कचेरीत झाली होती आणि हट्टा या आपल्या गावाहून आपण बिऱ्हाड घेऊन आलो होतो. जिथे जिथे जागा बघायला गेलो, तिथे तिथे आडनाव ऐकल्याबरोबर घरमालकांकडे पाहुणे यायचे ठरायचे. त्या साली वसमतला पाहुण्यांचा भारीच सुकाळ होता. शेवटी तुम्ही आडनाव गिळलंत, गावाच्या नावाला 'कर' जोडलंत आणि जागा मिळवलीत. एवढ्यावर भागलं नाही. सामानाच्या गाडीआधी तुम्ही बाजारातून तेलाच्या डब्यात लावलेली तुळस आणलीत आणि दारासमोर, मालकीणबाईंना न्हाणीतूनही दिसेल अशी ठेवलीत. आपण बौद्ध. गावातले देव तुम्हीच गोणीत भरून नदीत सोडले होते, आणि त्या दिवशी मायनं पुरणपोळ्या केल्या होत्या. आता बुद्धाची तसबीर ट्रंकेत, मायच्या लुगड्यांखाली, आणि दारात तुळस. माय एवढंच म्हणाली, "झाड हाय, राहू द्या."

रोज सकाळी अंघोळ करून, उघड्या अंगानं, तांब्या घेऊन तुम्ही तुळशीपुढे उभे राहता. मालकीणबाई बाहेर आल्याशिवाय पाणी घालत नाही. मी पायरीवर बसून शाळेचं दप्तर भरते आणि बघते. दादा, ती पूजा नव्हती, हजेरी होती. सही झाली की तुम्ही आत. झाडाकडे तुम्ही एकदाही धड बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर पानं पिवळी पडलेली दिसली असती. वरून घातलेलं पाणी सरळ खाली ओघळत होतं आणि गंजलेल्या बुडाच्या भोकांतून मुळ्या बाहेर आल्या होत्या. मायला ते दिसलं. दिसल्यावर तिला राहवेना. रविवारी हातातली कामं उरकून तिनं तोंड फुटलेला एक माठ घेतला, त्याच्या बुडाला भोक पाडलं, काळ्या मातीत वाळू आणि शेणखत कालवलं. मग डबा आडवा करून लाटण्यानं चहूबाजूंनी ठोकला आणि खोड बोटांत धरून अलगद उपडा केला. मुळ्यांचा गठ्ठा जसाच्या तसा, डब्याच्या आकाराचा, चौकोनी बाहेर आला. ती तो बोटांनी सोडवत होती, इतक्यात मालकीणबाई आल्या.

"अगं बाई! आज एकादशी, आणि तुळस उपटलीस?"

"उपटली न्हाई काकू, डबा बदलून राहिले. गुदमरून गेली व्हती बिचारी."

"आज आम्ही तुळशीचं पानसुद्धा तोडत नाही." मग जरा थांबून, "तुमच्यात चालतं वाटतं?"

त्या 'तुमच्यात'नं तुम्ही बाहेर आलात. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. मला वाटलं, आता माझे दादा बोलतील. बोललात की! "अक्कल आहे का तुला? किती वेळा सांगितलं, एकादशीला तुळशीला हात लावायचा नाही म्हणून?" किती वेळा, दादा? एकदाही नाही. ती एकादशी होती हे तुम्हालाही त्याच घटकेला कळलं होतं. मग मालकीणबाईंकडे वळून, आवाज मऊ करून म्हणालात, "माफ करा काकू, खेड्यातली आहे. हिला काय समजतं." इथवरही मी तुम्हाला सोडलं असतं. पण मालकीणबाई हलेनात, तेव्हा तुम्ही मायला म्हणालात, "टेक डोकं. माफी माग तुळशीची."

मायनं तुमच्याकडे बघितलं. फार वेळ नाही. तिनं आधी रोप माठात नीट बसवलं, माती दाबली, आणि मग वाकून त्या फुटक्या माठाच्या कडेला कपाळ टेकलं. उठली तेव्हा कपाळाला ओली माती होती. मालकीणबाई "असू दे, असू दे" म्हणत गेल्या. तुम्ही उरलेली दाढी करायला आत गेलात.

मी चुलीपाशी जाऊन मायला विचारलं, "तू काहून टेकलं?"

"मग काय करू? पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गावभर फिरू? तुझी शाळा, बापाची नौकरी. जाय, घागर भरून आण. आन् रडू नको, मान न्हाई कापली कोणी माही."

संध्याकाळी तुम्ही जिलबी आणलीत. मायनं ती आम्हा भावंडांत वाटली आणि रिकामा कागद तुमच्यासमोर ठेवला. तुमची माफी ती एवढीच, तेलकट. पुढची बदली येईपर्यंत आपण त्याच घरात राहिलो. तुळस माणसाच्या कमरेएवढी झाली आणि मालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या की या घरात फार धार्मिक माणसं राहतात.

आणि मग निवृत्तीनंतरचे तुम्ही! विहारात पौर्णिमेला तुमचं भाषण, विषय ठरलेला: स्वाभिमान. काय बोलायचात! टाळ्या पडायच्या. माय बायकांत पुढच्या सतरंजीवर बसून ऐकायची, टाळ्याही वाजवायची. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, कुठे काही हलतंय का म्हणून. काही हलायचं नाही. याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त संताप आहे, दादा. तुम्ही मालकीणबाईंना घाबरलात, ते समजू शकते. घाबरलो होतो, एवढं एक वाक्य मायला एकटीला सांगायला तुम्हाला कोणतं व्यासपीठ लागणार होतं?

पेपरात मी आता दर आठवड्याला लोकांची सालं काढते. मंत्री, महाराज, साहित्यिक, कोणाला सोडत नाही. वाचक म्हणतात, बाईंची जीभ फार तिखट. हे पत्रही छापलं असतं तर लोकांना आवडलं असतं. पण छापणार नाही आणि तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, कारण परवा लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, खोली मस्त आहे गं. कॉलेजही जवळ. फक्त मालकीण आडनाव विचारतेय. काय सांगू?"

मी म्हणाले, "सांग, आई पेपरात लिहिते म्हणून."

"ते नाही विचारलं तिनं," लेक म्हणाली.

"आधी खोली तर पक्की कर," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी तिला परत फोन केलेला नाही.