अण्णांचा डॉबरमन

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
रविवार, ११ सप्टेंबर १९८८

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही प्लेनोला सुखरूप पोचल्याचं गिरीशनं फोनवर सांगितलं. तिथला उकाडा सोसतोय ना? उत्तराला म्हणावं, सासऱ्यांना भर उन्हात फिरायला सोडू नकोस. ख्यालीखुशाली इथेच संपवते, कारण मी संतापले आहे आणि ते लपवायची माझी इच्छा नाही.

घराच्या विमा कंपनीचं पत्र आलंय. आमच्या घरात म्हणे अंगावर जायला शिकवलेला डॉबरमन आहे. कंपनीनं यंदा कुत्र्यांच्या पाच जातींची यादी केलीय, आणि त्यातला कुत्रा ज्या घरात असेल त्याचा विमा ते पुढे चालू ठेवणार नाहीत. पंधरा ऑक्टोबरपर्यंत कुत्रा तरी जाईल, नाहीतर विमा. आणि विमा गेला की घराला कर्ज देणारी बँक गळ्याशी येणार.

अण्णा, आमच्याकडे डॉबरमन कुठला? बिस्किट काळा आहे, एवढंच. गावच्या पाउंडमधून, मोकाट कुत्र्यांच्या त्या कोंडवाड्यातून आणला, तेव्हा त्याचे आईबाप कोण हे तिथल्या लोकांनाही ठाऊक नव्हतं. व्हॅक्यूम लावला की पलंगाखाली शिरतो. पण दीपाची शाळेची बस तीनला येते आणि आम्ही दोघं कामावरून सहाला. ते तीन तास ती त्याच्या भरवशावर असते. बसच्या वेळेला तो ड्राइव्ह-वेच्या टोकाशी जाऊन बसतो. बारा वर्षांच्या मुलीला मी काय सांगू?

कंपनीतल्या बाईनं मला रिपोर्ट वाचून दाखवला. जुलैत त्यांचा माणूस घर बघून गेला, तेव्हा घरातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी ही माहिती स्वतः होऊन दिली. शिवाय तुम्ही गराजवर हौसेनं रंगवलेल्या ‘भयंकर कुत्र्यापासून सावध’ या इंग्रजी पाटीचा फोटो त्यांच्या फाइलला आहे. घरात ज्येष्ठ गृहस्थ एकच होते. त्या माणसाला काय सांगितलंत, ते शब्दाला शब्द कळवा.

रागावलेली असले तरी लेक तुमचीच आहे, लोभात कमी करू नये.
कांचन

*

प्लेनो, टेक्सस
शनिवार, १७ सप्टेंबर १९८८

चि. सौ. कांचन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आहे की समन्स, हे दोनदा वाचूनही ठरवता आलं नाही. सांगलीच्या कोर्टात चौतीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, पण अशी उलटतपासणी माझी कुणी घेतली नव्हती.

एक माणूस गाडीतून उतरला. बेल न वाजवता घराभोवती फिरू लागला, खिडक्यांचे फोटो काढून वहीत टिपणं करू लागला. असा कुणी येणार आहे, हे तू मला सांगितलं होतंस? मी समजलो, हा चोर टेहळणीला आलाय. मी हटकल्यावर त्यानं विम्याचं कार्ड पुढे केलं. कार्ड काय, कुणीही छापून घेतं. मग विचारतो, कुत्रा आहे का. ज्या घरात पोर रोज तीन तास एकटी असते, त्या घरात पाउंडमधला गावठी कुत्रा आहे आणि तो व्हॅक्यूमला भितो, असं मी सांगायला हवं होतं का? ठणकावून सांगितलं, अस्सल डॉबरमन आहे, बाप पोलिसात होता, परक्याचा लचका तोडल्याशिवाय राहत नाही. तो लगेच गाडीत जाऊन बसला. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मी चुकलो असं मला वाटत नाही. चूक त्या कंपनीची. कुत्रा कुणाला चावला का, हा एकच प्रश्न विचारायचा, तोच विचारला नाही. एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावर निकाल लावणारे हे कसले लोक?

चंद्रशेखररावांना नमस्कार, दीपाला पापा. बापावरचा लोभ रागाच्या दिवसांतही चालू ठेवावा.
अण्णा

*

श्रूजबरी
रविवार, २५ सप्टेंबर १९८८

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

गुरांच्या नव्हे, कुत्र्यांच्याच डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं, की हा डॉबरमन नाही. कंपनी म्हणते, तो डॉक्टरचा अंदाज झाला. घरच्या माणसाचं सांगणं आमच्या नोंदीत आहे. ते खोटं होतं, असं त्याच माणसानं नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलं, तर विचार करू.

चंद्रशेखर म्हणाले, अण्णांना हे सांगू नकोस. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शपथा दिल्या, त्यांना मी खोटं बोललो असं लिहायला लावायचं का? मी म्हटलं, लावायचं. कारण हे पहिल्यांदा होत नाहीये. माझ्या पत्रिकेतला मंगळ तुम्ही मला न सांगता काढून टाकलात, तोही माझ्या भल्यासाठीच. लग्नानंतर ते उघडकीला आलं, आणि सासूबाईंचे टोमणे अकरा वर्षं ऐकले ते मी. आमचं भलं करताना आम्हाला एकदा विचारत जा, एवढंच मागणं आहे.

कागद दहा तारखेच्या आत पोचला पाहिजे.

राग ओसरेपर्यंत सांभाळून घ्यावं.
कांचन

*

प्लेनो
शनिवार, १ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. कांचन हिस,
आशीर्वाद.

सोबत प्रतिज्ञापत्र. ‘गैरसमजातून तसं सांगितलं’ असं लिहा, असं गिरीशनं सुचवलं होतं. मी ते खोडून ‘जाणूनबुजून खोटं बोललो’ असं लिहिलं. इथे नोटरी बँकेतच बसतात; तिथल्या एका पंचविशीच्या मुलीनं च्युइंगगम चघळत त्यावर शिक्का मारला, वर माझ्याकडे पाहिलंही नाही. मंगळाबद्दल मी काही लिहीत नाही. तुझं खरं आहे.

लोभ आहेच.
अण्णा

*

श्रूजबरी
रविवार, १६ ऑक्टोबर १९८८

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा कागद त्यांनी मान्य केला. कुत्रा डॉबरमन नाही, हेही मान्य केलं. आणि पुढच्याच ओळीत लिहिलं, की ज्या अर्थी त्याचे आईबाप माहीत नाहीत, त्या अर्थी त्याच्यात यादीतल्या जातीचं रक्त नाही असं सांगता येत नाही. सबब विमा बंद. अशी वाक्यं लिहिणाऱ्याला पगार मिळतो, अण्णा. आणखी दोन कंपन्यांना फोन केले. त्यांचा पहिला प्रश्न तोच, कुत्र्याची जात कोणती.

काल बिस्किटला व्हर्मांटला सुलेखाच्या फार्मवर सोडून आलो. माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, नीट सांभाळेल. दीपा आता शाळेतून येते, दाराला दोन्ही कड्या लावते, मला ऑफिसात ‘आय ॲम होम’ एवढं सांगून फोन ठेवते. आजोबांचं पत्र आलं तर मला वाचून दाखवू नकोस, असं तिनं बजावलंय.

तुम्हाला लिहायला लावलं ते फुकट गेलं, याचं मला वाईट वाटतं. तुमच्यावरचा राग मात्र गेलेला नाही, आणि कंपनीवरचा तर मरेपर्यंत जायचा नाही.

माया असू द्यावी.
कांचन

*

प्लेनो
शनिवार, २२ ऑक्टोबर १९८८

चि. सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

कंपनीला मी चार पानी पत्र लिहिलं आणि फाडून टाकलं. ज्यांनी माझी शपथ मान्य करून मला फसवलं, त्यांना काय लिहायचं? चौतीस वर्षांत इतकी हलकट नोटीस माझ्या हातून गेली नाही.

भारतात परतायचं माझं पुढच्या महिन्याचं तिकीट गिरीशला बदलायला लावलं. व्हिसा डिसेंबरअखेरपर्यंत आहे, तोवर मी तुमच्याकडे राहीन. या खेपेला विचारतो आहे, येऊ का? हो म्हणालीस तर शुक्रवारी अठ्ठावीसला बॉस्टनला उतरतो. पाटी मी माझ्या हातानं काढेन.

रोज तीनला ड्राइव्ह-वेच्या टोकाशी मी उभा राहीन. थंडीचं मला सांगू नकोस, चंद्रशेखररावांचा जुना कोट चालेल. दीपा माझ्याशी बोलणार नाही, हे धरूनच निघतो आहे. न बोलू दे. बिस्किट तरी कुठे बोलत होता?

उत्तराची वाट पाहणारा,
अण्णा