एकोणीस पावत्या

२ जानेवारी, सकाळी
ऑफिसची किल्ली भागीदाराच्या हातात ठेवली. बावीस वर्षे दुसऱ्यांची रिटर्न्स भरली, आता राजकारण. कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाकला. पुन्हा हात लावणार नाही. मी मुळात आकड्यांचा नव्हे, लोकांचा माणूस. बायकोने विचारले, लोकांना कळवलंय का. दुर्लक्ष केले.

१७ फेब्रुवारी
नगरपालिकेवर निवडून आलो. नऊ मतांनी, पण लाटच म्हणायची. पक्षाचे साहेब पाठ थोपटून म्हणाले, असाच माणूस हवा होता. लगेच विचारले, माझ्या निवडणूक खर्चाचे कागद बघशील का. नेत्याचा विश्वास ही पहिली पायरी.
ड्रॉवर उघडला. आजच्यापुरताच.

१२ ऑक्टोबर
(मधली तीन वर्षे लिहायला फुरसत नव्हती. सभेत बोलायला उठलो की कोणीतरी पुढ्यात फाइल ठेवी.)
आज थेट राज्याच्या सभागृहात! साहेबांच्या मेव्हण्याला डावलून तिकीट मला मिळाले होते. गुणांची कदर. मेव्हणा तेव्हापासून फुगून बसला आहे.
अर्थखाते नक्की. कोट शिवायला टाकला.

१५ ऑक्टोबर
फोन नाही. गच्चीवर गेलो, रेंज बघितली, खाली आलो. पुन्हा गेलो. बायको म्हणाली, एका जागी बसा, फरशी झिजेल.
दुपारी साहेबांचा माणूस आला. नियम असा की निवडून आलेल्याने तीस दिवसांत खर्चपत्रक दाखल करायचे, नाहीतर सदस्यत्व रद्द. साहेबांसकट एकोणीस जणांच्या फायली माझ्याकडे. भावी अर्थमंत्र्याची परीक्षाच ही!
बायकोने विचारले, आणि आपलं? सांगितले, आपलं म्हणजे हातचा मळ. बावीस वर्षे स्वतःचे रिटर्न शेवटच्या संध्याकाळी भरत आलो, कधी चुकलो का?

३ नोव्हेंबर
चौदा झाल्या. रोज सकाळी आरशासमोर शपथेचा सराव. कोट खांद्यात घट्ट. शिंप्याने माप चुकवले.
बायकोने पुन्हा विचारले. चिडलो. मग वाईट वाटले.

११ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
तिसावा दिवस. अठरा दाखल. साहेबांची एकोणिसावी आणि आपली, दोन्ही दुपारपर्यंत उरकायच्या. साहेबांनी बंगल्यावर बोलावले आहे. मंत्र्यांची यादी आजच ठरतेय. घट्ट तर घट्ट, कोट घालूनच जातो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.१५
यादीबद्दल बोलणे झाले नाही. साहेबांची मंडपाची बिले सापडत नव्हती. मेव्हण्याने ती गाडीच्या डिकीतून काढून दिली, सव्वाचारला. कार्यालय पाचला बंद. धावलो. कोट बगलेत उसवला. चार पन्नासला पत्रक आत गेले!
घरी येऊन एकोणीस पावत्या टेबलावर मांडल्या. बायकोने एकेक उचलून वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाली, "अहो, यात तुमची कुठंय?"
पाणी प्यायलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तारीख चुकली.

२ डिसेंबर
सदस्यत्व रद्द. अपिलाचा मसुदा तीन वेळा लिहिला, तीन वेळा फाडला. भूक नाही. सासऱ्यांचा फोन आला, म्हणाले, दिव्याखाली अंधार. अशा वेळी म्हणी सुचतात तरी कशा?
साहेब मात्र मोठ्या मनाचे. भेटायला स्वतः घरी आले. पोटनिवडणुकीत मेव्हणा उभा राहतोय. मी विचारले, आणि माझं काय? साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुला आता वेळच वेळ आहे रे. त्याचं खर्चपत्रक तूच बघ."
बायको स्वयंपाकघरात निघून गेली. मी ड्रॉवर उघडला.
मेव्हण्याचे पत्रक वेळेत जाईल.