पातेल्यापाशी बोललेलं

इंगोलश्टाट, जर्मनी, गुरुवार

प्रिय श्रीरंग,

सवयीने 'प्रिय' लिहून गेलो, आता खोडत बसत नाही. ऑफिसात आपली टेबलं समोरासमोर, तरी पत्र लिहितोय. तोंडाने बोलायला गेलो तर मी काहीतरी भलतंच बोलून बसेन आणि तू 'आल्झो, बघू' म्हणत कॉफी आणायला निघून जाशील.

तू या आठवड्यात विचारलं नाहीस, पण आपली पेल एल बिअर छान चाललीय. खाली तळघरात बादलीच्या झाकणावरची नळी आता एखाददुसराच बुडबुडा सोडतेय. शुभा म्हणाली, या वेळी वास चांगला आहे, संत्र्याच्या सालीसारखा. पहिल्या वेळचं तिला आठवत असणार. दिवसभर गाड्यांचे सेन्सर तपासणारे आपण दोघं इंजिनियर, आणि घरी माल्टचं पाणी बोट बुडवून बघत होतो. फार गरम झालं, आणि बिअर म्हणून जे निघालं ती पिठाची पेज होती. अन्न टाकवत नाही म्हणून आपण तीही संपवली. कसली संस्कारी माणसं आपण.

मग जमत गेलं. शुभाचं मसालेभाताचं पातेलं, माल्ट भिजत घातला की त्याच्याभोवती गोधडी, आणि नंतर श्रीखंडाचा चक्का बांधतात त्या पंच्यातून गाळून त्याचं गाठोडं कपाटाच्या मुठीला टांगायचं. पुढे हॉप्सची कडू फुलं घालून उकळायला ठेवलं की जागचं हलायची सोय नाही. दुधासारखं कधी उतू जाईल नेम नसतो. स्टुलावर बसून पातेल्याकडे बघत राहायचं, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नसलं की माणूस बोलायला लागतो. तू तसाच बोललास, तुझं आणि ईश्वरीचं बिनसलंय ते. मी ते शुभालाही सांगितलेलं नाही. आजपर्यंत नाही.

मागच्या खेपेला मी बोललो. आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे आहेत, फोनवर सारखे जेवलो जेवलो म्हणतात, आणि मला वाटतं सगळं सोडून परत जावं. एवढंच. ठरवलं काहीच नव्हतं. शुभाला किंडरगार्टनमध्ये नुकतीच नोकरी लागलीय, त्यासाठी तिने जर्मनच्या परीक्षा देता देता जीवाचं रान केलं. लेक अन्वी तर मी मराठीत हाक मारली की जर्मनमध्ये ओ देते. त्या दोघींना उपटून न्यायचं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो? म्हणून घरात बोललो नाही, तुझ्यापाशी बोललो.

सोमवारी आपल्या साहेबाने, हेर ब्रांडलने, मला आत बोलावलं. आपल्या दोन जागांपैकी एकच राहणार, हे तुला माझ्याआधी माहीत होतं, हे मला तिथे कळलं. तो फार गोड बोलला. तुम्ही तसेही भारतात परतणार आहात असं ऐकलंय, तेव्हा राजीखुशीने राजीनाम्यावर सही करा, सगळ्यांच्याच सोयीचं होईल. मी विचारलं, कोणी सांगितलं. त्याने सरळ तुझं नाव घेतलं. वर म्हणाला, असा काळजी करणारा मित्र मिळायला भाग्य लागतं. आणि मी वेड्यासारखा मान हलवत 'गेनाऊ, गेनाऊ' म्हणत बसलो.

केसाने गळा कापणे याचा शाळेत वाक्यात उपयोग करायला सांगायचे, तेव्हा मला काही सुचायचं नाही. आता सुचतं. राग नोकरीचा नाही रे, म्हणजे आहे, पण त्याहून मोठा राग दुसराच आहे. तू माझ्याकडे येऊन म्हणाला असतास की सिद्धेश, माझी जागा जातेय, काहीतरी कर, तर मी कदाचित खरंच सही केली असती. इतका मी खुळा आहे, आणि हे तुला माहीत होतं. तरी तू मागच्या दाराने गेलास.

सही अजून केलेली नाही. शुभाला यातलं काहीही ठाऊक नाही. परवा आपण बाटल्या भरणार म्हणून तिने तुझ्यासाठी साबुदाणा भिजवायचं ठरवलंय, श्रीरंगभावजींना वडे आवडतात म्हणून. मी दोनदा तिच्यासमोर बसलो आणि उठलो. नोकरीचं ती सोसेल. पण नवऱ्याला परत जायचंय हे आपल्याआधी त्याच्या साहेबाला कळलं, हे ऐकून ती माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती मला एकट्याला झेपणार नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी ये. बाटल्या मी भरेन, तू शुभासमोर बस आणि मी काय बोललो होतो, तू ते कुणाला सांगितलंस, सगळं तुझ्या तोंडाने सांग. माझ्या मनातलं दुसऱ्याला सांगायला तुला जमतंच. ते आधी जिला कळायला हवं होतं, तिला सांग.

तू दारात येईपर्यंत तरी तुझाच,
सिद्धेश