आठ पोती मैदा

ता. ३ जून

ती. दादास,
बबडीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? वहिनी लिहिते, तू पथ्य सोडून सगळं पाळतोस.

इकडे बेकरी जोरात आहे, पण मी गॅसवर आहे. विक्रीकराचे साहेब परवा वह्या तपासून गेले. साध्या ब्रेडला कर नाही, केकला आहे, म्हणून दोन्हींची विक्री मी वेगळी लिहिते. ते त्यांना पटलं. मग त्यांनी मैद्याच्या पावत्या काढल्या. तीन महिन्यांत ब्रेडसाठी साठ पोती आणली आणि विकलेला ब्रेड भरतो बावन्न पोत्यांचाच. उरलेल्या आठ पोत्यांचे केक करून बिनपावतीचे विकले असणार, असं त्यांचं म्हणणं. सोळा तारखेपर्यंत खुलासा दिला नाही तर कर आणि वर दंड.

असे केक मी विकले नाहीत. मग मैदा गेला कुठे? कोठीची किल्ली दोघांकडेच, मी आणि भट्टीकाका. बाबांच्या वेळेपासून सव्वीस वर्षं भट्टी तेच सांभाळतात. त्यांच्या सुनेने नुकतंच खाऊचं दुकान काढलंय. दादा, काकांना विचारू का? तुझं उत्तर येईपर्यंत गप्प बसते.

तुझी,
बबडी


ता. ६ जून

चि. बबडीस,
अ. उ. आ.

आधी तोंडाला कुलूप लाव. तेहतीस वर्षं मी हिशेबात घालवली; दहातल्या नऊ वेळा चोराऐवजी चूकच सापडते. आणि तोंडातून सुटलेला शब्द खोडरबराने पुसता येत नाही.

आठ पोती म्हणजे चारशे किलो, बाई! तेवढा मैदा कोणी पिशवीतून नेत नाही. हातगाडी लागेल, आणि तुझा शेजारी चष्मेवाला रस्त्यावरच्या माश्यासुद्धा मोजत बसतो. त्याने तुला केव्हाच सांगितलं असतं. तेव्हा वह्या मिट आणि तराजू काढ. तू विक्री पाकिटांवर लिहितेस. एका ब्रेडला मैदा किती लागतो हे कागदावर आहे, पण भट्टीपाशी उभं राहून कोणी पाहिलंय? चार दिवस रोज वीस ब्रेड तोल.

गुडघा ठीक. पथ्याच्या बाबतीत तुझ्या वहिनीवर विश्वास ठेवू नकोस.

तुझा,
दादा


ता. १७ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जिंकलास! पाकिटावर चारशे ग्रॅम छापलंय आणि बहुतेक ब्रेड भरले चारशे साठ. काका गोळे तराजूवर ठेवतच नाहीत, हाताच्या अंदाजाने तोडतात, आणि हात पडला सढळ. लोक मापात पाप म्हणतात, इथे मापात पुण्य निघालं. साहेबांना बोलावलं. त्यांनी स्वतः तीस ब्रेड तोलले, गुणाकार केला, आठही पोती जागेवर आली. दंड नाही. पाकिटावर खरं वजन छापा, एवढं बजावून दोन ब्रेड विकत घेऊन गेले.

मग मी काकांना सगळं सांगितलं. त्यांच्यावर शंका घेतली होती, तुझ्या पत्राने थांबले, हेही. वेडी म्हण, पण ते लपवून त्यांच्यासमोर वावरणं मला जमेना. ते भट्टीत साचे सारत राहिले आणि दुपारी न जेवता घरी गेले. मला वाटलं, गेले ते गेलेच.

आज सकाळी पोचले तर भट्टी पेटलेली आणि काका तराजूसमोर बसलेले. म्हणाले, पोरी, राग आला होता. पण रात्रभर विचार केला, तू विचारलं असतंस तर आठ पोती कुठे गेली हे मला तरी कुठे सांगता आलं असतं? आता रोज किती पोती फोडली, किती ब्रेड निघाले, ते मी लिहिणार. मग नवी वही पुढे करून, सुरुवात कशी करायची, ते विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी तारीख घातली, आकडे मांडले आणि खाली सहीसाठी वही माझ्याकडे सरकवली. मी ती परत त्यांच्याकडे सरकवली. दादा, सव्वीस वर्षांत बेकरीच्या कुठल्याच कागदावर त्यांची सही नव्हती. त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले, आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं.

असाच दटावत राहा, जीव लावत राहा.

तुझी,
बबडी